भाचीला ग्रीनवर सर्वांदेखत सुनावलं, आता मी काय करू?

वाचकाचं पत्र

मी दोन वर्षांपासून एका गोल्फ क्लबचा मेंबर आहे. गेल्या रविवारी भाचीला गेस्ट म्हणून खेळायला नेलं. ती एकोणीस वर्षांची आहे, चांगली खेळते, पण आजवर ड्रायव्हिंग रेंजवर (चेंडू मारण्याचा सराव करायच्या मैदानावर) आणि सार्वजनिक कोर्सवरच खेळलेली. तिने बिनकॉलरचा, बिनबाह्यांचा टॉप आणि लेगिंग्ज घातल्या होत्या. बूट गोल्फचेच होते. गेस्टची पावती घेताना कुणी काही बोललं नाही, पहिल्या टीवर, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो तिथे, ग्रुपना क्रमाने सोडणारा स्टार्टरही बोलला नाही. तिसऱ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, ती पुट मारायला (चेंडू हलकेच होलकडे ढकलायला) उभी होती, तेवढ्यात शेजारच्या फेअरवेवरून (टी ते ग्रीनमधल्या पट्ट्यावरून) एक ज्येष्ठ मेंबर तरातरा आले आणि दोन्ही ग्रुपसमोर मोठ्याने म्हणाले, ‘हा क्लब आहे, जिम नाही. अंगभर कपडे घालून यायचं.’ भाचीने बॅग उचलली आणि सरळ गाडीकडे निघाली. मंगळवारी मला कमिटीचं पत्र आलं की गेस्टच्या पोशाखाची जबाबदारी मेंबरची असते, पुन्हा असं झालं तर गेस्ट आणण्याची सवलत काढून घेऊ. त्या गृहस्थांचा स्वतःचा शर्ट त्या दिवशी बाहेर लोंबत होता आणि आमच्याकडे शर्ट खोचलेला असावा असा नियम आहे. बहीण म्हणते, असल्या क्लबात राहूच नकोस. भाची म्हणते, तिथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मला क्लब सोडवत नाही आणि गप्पही बसवत नाही. चूक माझी की त्यांची? आता काय करू?

उत्तर

चूक तुमचीही आहे. ती आधी कबूल करून टाका, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. आपण ज्याला क्लबात घेऊन जातो त्याला तिथले नियम आदल्या दिवशी सांगणं हे आपलं काम. शर्ट खोचायचा नियम तुम्हाला पाठ आहे, म्हणजे कॉलरचाही माहीत असणारच. सकाळी भाची गाडीत बसली तेव्हा तिचे कपडे तुमच्या डोळ्यांसमोर होते. त्याच वेळी ‘अगं, आमच्याकडे कॉलर लागते, एखादा पोलो शर्ट घेऊन ये’ एवढं म्हणाला असतात, तर रविवार छान गेला असता. सार्वजनिक कोर्सवर खेळणाऱ्या मुलीला हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. तिथे बहुतेक ठिकाणी साधा टी-शर्ट चालतो, कुणी वळूनही बघत नाही.

तुमची चूक इथे संपते. ग्रीनवर जे घडलं ते तुमच्या खात्यावर घेऊ नका, आणि कमिटी ते तुमच्या खात्यावर टाकू पाहत असेल तर टाकू देऊ नका.

गोल्फचे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून काढतात. २०१९ साली ते नव्याने लिहिले गेले, आणि त्यांत कॉलर, बाह्या, लेगिंग्ज यांबद्दल काहीही सांगितलेलं नाही. मात्र अगदी सुरुवातीच्या भागातच, नियम १.२ मध्ये, खेळाडूने कसं वागावं ते आहे. प्रामाणिकपणे खेळावं, इतरांचा विचार करावा, कोर्सची काळजी घ्यावी. इतरांचा विचार करणं म्हणजे काय, याची जी उदाहरणं तिथे दिली आहेत त्यांत दुसऱ्याच्या खेळात व्यत्यय न आणणं हे आहेच. कुणी पुट मारायला उभं असेल तर आपण हलत नाही, बोलत नाही, त्याच्या रेषेत सावलीसुद्धा पडू देत नाही. खेळायला लागल्यावर आपण सगळे पहिल्या आठवड्यात शिकतो ते हेच. त्या गृहस्थांनी नेमक्या त्या क्षणी, शेजारच्या होलवरून चालत येऊन, एका पाहुण्या मुलीवर आवाज चढवला. त्यांना क्लबचा पोशाखाचा नियम राखायचा होता असं मानलं, तरी त्यासाठी त्यांनी खेळाचाच नियम मोडला.

पोशाखाचा नियम क्लबचा असतो आणि तो करायचा क्लबला अधिकार आहे, हेही तितकंच खरं. त्याच नियम १.२ प्रमाणे कमिटीला स्वतःची आचारसंहिता स्थानिक नियम म्हणून लावता येते आणि तीत कपड्यांच्या मर्यादा घालता येतात. म्हणून ‘हे कोण आम्हाला कपडे सांगणारे’ या वाटेने जाऊ नका. ते भांडण तुम्ही हराल, आणि जे भांडण जिंकण्याजोगं आहे ते बाजूला पडेल. नियम कुणी, कुठे, कसा लावायचा हा तुमचा मुद्दा आहे. तोच धरून ठेवा.

हे काम चांगलं कसं होतं ते मी एका क्लबात जवळून पाहिलं आहे. तिथला स्टार्टर साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा माणूस. एक पाहुणा जाड कापडाची, बाहेर मोठे खिसे असलेली हाफपँट आणि गोल गळ्याचा टी-शर्ट घालून पहिल्या टीकडे येत होता. स्टार्टर दहा-पंधरा पावलं पुढे गेला, स्कोअरकार्ड हातात देण्याच्या निमित्ताने त्याला बाजूला घेतलं आणि यजमान मेंबरलाही खुणेने बोलावलं. तिघांचं बोलणं बाकी कुणाच्या कानावर गेलं नाही. पाच मिनिटांनी पाहुणा प्रो-शॉपमधून (क्लबातल्या गोल्फच्या सामानाच्या दुकानातून) फिकट निळा पोलो शर्ट घालून बाहेर आला. क्लबने वेगवेगळ्या मापांचे धुतलेले शर्ट तिथल्या कपाटात ठेवले होते. खेळून झाल्यावर परत द्यायचा, पैसे नाहीत. हाफपँटबद्दल स्टार्टरने काही म्हटलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘पँट कपाटात नाहीये. जे देता येत नाही ते मागायचं कसं? त्यांच्या मेंबरला सांगितलंय, पुढच्या वेळी बघतील.’ त्या चारजणांची खेळ सुरू करायची वेळ चुकली नाही आणि पाहुण्याला दिवसभर मान खाली घालून फिरावं लागलं नाही.

तुमच्या क्लबात याच्या नेमकं उलट झालं. भाची पावती घेताना एका माणसासमोर उभी राहिली, मग स्टार्टरसमोर. दोघांनी तिला पाहिलं आणि जाऊ दिलं. क्लबच्या माणसांनी एकदा कोर्सवर सोडलं की खेळाडूने काय समजायचं? आपण नीट आलो आहोत, असंच ना? तिसऱ्या होलवर तिच्याकडे बदलायला कपडे नव्हते आणि क्लबहाउस लांब होतं. तिथे तिला सांगून काय साधणार होतं? तिला अपमान गिळून खेळत राहावं लागलं असतं किंवा निघून जावं लागलं असतं. ती निघून गेली, आणि मला विचाराल तर तिने योग्यच केलं.

‘अंगभर कपडे घालून यायचं’ हे वाक्य मात्र मला जास्त खटकलं. क्लबच्या नियमात कॉलर हवी असेल, लेगिंग्ज नकोत असं असेल, तर ‘इथे कॉलर लागते’ एवढं म्हणून थांबता येतं. ‘अंगभर’ म्हटलं की बोलणं मुलीच्या अंगावर आलं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाची नजर त्या शब्दाने तिच्या अंगाकडे वळवली. एखादा पुरुष बिनकॉलरचा टी-शर्ट घालून आला असता, तर हेच गृहस्थ त्याला असं म्हणाले असते का? बायकांच्या कपड्यांचे नियम लावताना हा घसरडा भाग फार जपून ओलांडावा लागतो, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर नक्कीच. कमिटीला लिहाल तेव्हा हे वाक्य जसंच्या तसं, अवतरणात लिहा. त्यावर टीका करायची गरज नाही, वाचणाऱ्याला कळेल.

बायकांच्या व्यावसायिक गोल्फमध्येही यावरून बराच वाद झाला होता. जुलै २०१७ मध्ये एलपीजीए टूरने, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने, खेळाडूंना पोशाखाची सुधारलेली सूचना पाठवली. गळा फार खोल नको. मागे निमुळता होत जाणारा, खांदे उघडे टाकणारा टॉप कॉलर असेल तरच चालेल. लेगिंग्ज नुसत्या नकोत, स्कर्ट किंवा शॉर्ट्सच्या खाली चालतील. स्कर्ट किती आखूड असावा तेही सांगितलं होतं. मोडलं तर पहिल्यांदा हजार डॉलर दंड, पुढे दर वेळी दुप्पट. बऱ्याच जणींना हे आवडलं नाही. या खेळाकडे तरुण मुली वळाव्यात असं वाटत असताना असे नियम कशाला, असं उघडपणे बोललं गेलं. मलाही त्यातला स्कर्टच्या लांबीचा भाग पटत नाही. पण ती सूचना लागू होण्याच्या दोन आठवडे आधी प्रत्येकीच्या हातात होती आणि काय चालेल, काय नाही हे वस्तूंची नावं घेऊन लिहिलेलं होतं. शिक्षाही सगळ्यांना एकच. ग्रीनवर येऊन सुनावण्याचा अधिकार कुणाला दिलेला नव्हता.

तुमच्या क्लबाची नियमावली काढून बघा. ‘सभ्य आणि गोल्फला साजेसा पोशाख’ असं मोघम वाक्य तीत असेल, तर अर्धा दोष त्या वाक्याचा. साजेसं काय हे ज्याने त्याने ठरवायचं म्हटलं की ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

पुढे कधी नियम बदलण्याचा विषय काढलात तर ‘आपली परंपरा’ हा मुद्दा समोरून येईलच. उत्तर तयार ठेवा. आज ज्याला आपण गोल्फचा शर्ट म्हणतो तो टेनिसमधून आला. रेने लाकोस्ट या टेनिसपटूने १९२० च्या दशकात लांब बाह्यांच्या ताठ शर्टाऐवजी आखूड बाह्यांचा विणलेला शर्ट वापरायला सुरुवात केली आणि पुढे तोच गोल्फवाल्यांनी उचलला. त्याच काळात गोल्फर गुडघ्याखाली फुगीर विजारी आणि लांब मोजे घालून खेळत, अनेकदा टायसुद्धा बांधून. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत, कॅडींना (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसांना) शॉर्ट्स घालायची परवानगी १९९९ मध्ये मिळाली. खेळाडूंना सरावाच्या फेऱ्यांत आणि प्रो-अॅममध्ये (व्यावसायिक आणि हौशी एकत्र खेळतात त्या सामन्यांत) ती २०१९ मध्ये मिळाली, स्पर्धेत आजही लांब पँटच लागते. टायगर वुड्सने २०१९ ची मास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या लाल शर्टाला दुमडलेली कॉलर नव्हती, नुसता उभा गळा होता. २०२० मध्ये टिरेल हॅटन या इंग्लिश खेळाडूने इंग्लंडमधल्या वेंटवर्थला हुडी घालून बीएमडब्ल्यू पीजीए स्पर्धा जिंकली, त्यावरून क्लबाक्लबांत तावातावाने चर्चा झाल्या आणि नंतर कित्येक ठिकाणी हुडी चालू लागली. गोल्फचा पोशाख सतत बदलत आलेला आहे. बदल मागणारा माणूस परंपरेचा शत्रू ठरत नाही.

ज्या नियमाला खेळाचं कारण आहे त्याला मात्र हात लावू नका. बुटांचा नियम तसा आहे. पूर्वी धातूचे खिळे असलेले बूट सर्रास वापरत. त्यांनी ग्रीनवर भोकं आणि ओरखडे पडत, चेंडू रेषेवरून हलत असे. १९९० च्या दशकात प्लॅस्टिकचे मऊ खिळे आले आणि क्लबांनी एकामागून एक धातूचे खिळे बंद केले. उंच टाचा, कडक तळ यांना मनाई असते ती याच कारणाने. ती मनाई मी कोणत्याही दिवशी, कुणासाठीही, काटेकोर पाळीन. भाचीचे बूट गोल्फचे होते, म्हणजे कोर्सला ज्याने इजा होते ती एक गोष्ट तिने बरोबर केली होती. कॉलर, खोचलेला शर्ट, क्लबहाउसमध्ये टोपी काढणं, पार्किंगमध्ये बूट न बदलणं, या सगळ्या क्लबाच्या आवडीनिवडी आहेत. त्या असू द्याव्यात, पाळाव्यात, पण त्यांसाठी माणसाचा पाणउतारा करण्याएवढं वजन त्यांना नाही.

आता कामाचं. सर्वांत आधी भाचीशी बोला, तेही समोर बसून, फोनवर नको. ‘ते म्हातारे तसेच आहेत, मनावर घेऊ नकोस’ असं म्हणू नका. मनावर घेण्यासारखंच झालं आहे. ‘नियम मी सांगायला हवा होता, सांगितला नाही, आणि ते बोलत होते तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं’ असं म्हणा. तुम्ही मध्ये पडलात की नाही हे पत्रात नाही, आणि पडला असतात तर ते तुम्ही लिहिलं असतंत असं मला वाटतं. तिला त्या दिवशी कपड्यांच्या बोलण्याइतकंच मामा गप्प राहिल्याचं लागलं असेल. तिला लगेच क्लबात परत न्यायचा प्रयत्न करू नका. त्याऐवजी ती खेळते त्या सार्वजनिक कोर्सवर तिच्याबरोबर तुम्ही जा.

मग कमिटीच्या पत्राला लेखी उत्तर द्या. तोंडी नको आणि मेंबरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. मजकूर साधारण असा असू दे: ‘गेस्टला पोशाखाचे नियम आधी कळवण्याची जबाबदारी माझी होती. ते राहून गेलं, त्याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा होणार नाही. मात्र माझ्या गेस्टला कार्यालयात आणि पहिल्या टीवर अडवलं गेलं नाही. तिसऱ्या ग्रीनवर ती पुट मारत असताना एका मेंबरने सर्वांसमोर तिला पुढील शब्द ऐकवले.’ इथे ते वाक्य टाका, तारीख, वेळ आणि तिथे हजर असलेल्यांची नावं टाका. शेवटी विचारा: ‘पोशाखाच्या नियमाची अंमलबजावणी करण्याचा अधिकार क्लबाने कोणाला दिला आहे आणि मेंबरने परस्पर असं बोलणं क्लबाच्या आचारसंहितेत बसतं का, हे कृपया लेखी कळवावं.’ एवढंच. दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला कमिटीला ठरवावंच लागेल.

त्या गृहस्थांच्या बाहेर लोंबणाऱ्या शर्टाचा उल्लेख या पत्रात करू नका. मोह होईल, मला कळतं. पण तो घातलात की तुमची तक्रार ‘मग त्यांचं काय’ या थराला उतरते आणि कमिटीला दोघांना समज देऊन मोकळं व्हायला सोपं जातं. नियम सगळ्यांना सारखा लागला पाहिजे ही मागणी वार्षिक सभेत, कुणाचं नाव न घेता मांडा. तिथे तिला जोर येईल, कारण ज्येष्ठांना सूट आणि पाहुण्यांना शिस्त हे पाहिलेले तुम्ही एकटे नसणार.

सभेत मांडायला ठोस प्रस्ताव न्या. गेस्टचं बुकिंग झालं की नियम त्याच्या फोनवर फोटोंसह जावेत, यजमानाने पाठवले की नाही यावर अवलंबून राहू नये. तपासणी एकाच जागी व्हावी, पहिल्या टीच्या आधी. तिथून पुढे गेलेल्याला त्या दिवसापुरतं कुणी काही बोलू नये. कपाटात पुरुषांच्या आणि बायकांच्या मापाचे काही शर्ट ठेवावेत, आणि बायकांच्या मापाचे खरोखरच ठेवावेत, मोठ्या पुरुषी शर्टात मुलीला झाकून पाठवणं ही दुसरी शिक्षाच होते. कुणा मेंबरला काही खटकलं तर त्याने सेक्रेटरीला सांगावं, गेस्टला नाही. बायकांचे नियम लिहिताना कमिटीत खेळणाऱ्या बायका असाव्यात, त्यांत तिशीच्या आतली एक तरी असावी. बिनबाह्यांचा पण कॉलर असलेला टॉप कित्येक क्लबांत चालतो, तुमच्याकडे का चालू नये हे त्यांनाच ठरवू द्या.

क्लब सोडायचा का? आत्ता नको. बहिणीचा राग रास्त आहे, तिच्या मुलीला बोललं गेलं आहे. पण सोडण्याचा निर्णय कमिटीचं उत्तर आल्यावर घ्या. त्यांनी चूक मान्य केली, भाचीला दोन ओळींचं दिलगिरीचं पत्र पाठवलं आणि त्या गृहस्थांना समज दिली, तर राहण्यात अर्थ आहे. ‘ते ज्येष्ठ आहेत, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका’ असं उत्तर आलं, तर तुम्ही तुमच्या माणसांना जिथे निर्धास्त नेऊ शकत नाही अशा जागेची वर्गणी भरत आहात हे लक्षात घेऊन ठरवा.

आणि एक. रागाच्या भरात स्टार्टरविरुद्ध तक्रार करू नका. त्याने अडवायला हवं होतं हे खरं, पण मेंबरच्या गेस्टला अडवलं की मेंबर चिडतो आणि नोकरी त्याची जाते, हे त्याने कधी ना कधी पाहिलेलं असतं. त्याला अडवण्याचा लेखी अधिकार आणि अडवल्यावर पाठीशी कमिटी, हे दोन्ही मिळावं असं तुमच्या प्रस्तावात घाला. सभेआधी त्याच्याशी बोला. कपाट कुठे ठेवलं तर सोयीचं पडेल हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.